आर्व्हिड टॉलेरुडचं कासव

नॉर्डबी गावात कुणाला शेताचे प्लॉट पाडून घरं बांधायची असतील तर तो आधी जमीन बघतो, मग बँक बघतो आणि शेवटी आर्व्हिड टॉलेरुडची तब्येत बघतो. तब्येत ठणठणीत असली तर शहाणा माणूस बेत पुढच्या वर्षावर ढकलतो.

आर्व्हिड वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. मिनेसोटात वाईट माणसं आहेत, पण ती नॉर्डबीसारख्या गावात टिकत नाहीत, कारण इथे भांडायला कुणी मिळत नाही. आर्व्हिडनं सगळी उमर दुधाची टँकरगाडी चालवली. गोठ्यागोठ्यावरून दूध गोळा करायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं. बर्फाच्या वादळातसुद्धा त्याची फेरी चुकली नाही. शेजाऱ्याच्या दारातला बर्फ तो न सांगता उपसून द्यायचा, आणि शेजारी आभार मानायला बाहेर आला की फावडं तिथेच टाकून घरात पळायचा. असा हा माणूस निवृत्त झाला आणि गावातल्या प्रत्येक ले-आउटवर हरकत घेऊ लागला.

नॉर्डबीत प्लॉट पाडायचे म्हणजे पाचजणांच्या नियोजन समितीची मंजुरी लागते. त्याआधी टाउन हॉलमध्ये जाहीर सुनावणी होते, आणि ज्याला बोलायचं असेल त्याला तीन मिनिटं मिळतात. बाकीचे लोक त्या तीन मिनिटांत खाकरतात, कागद चाळतात आणि वेळ संपली की हायसं वाटून बसतात. आर्व्हिड मात्र टोपी काढायचा, समितीकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, "मी काही विकासाच्या विरोधात नाही, पण..." त्या 'पण'च्या पलीकडे विहिरींचं पाणी आटायचं, रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची, शाळेतल्या मुलांना बसायला बाकं पुरायची नाहीत आणि एकंदर नॉर्डबीचं वाटोळं व्हायचं. तीन मिनिटांत गाव बुडवणारा दुसरा वक्ता पंचक्रोशीत नव्हता.

त्यात तो वड्या न्यायचा. त्याची बायको अव्हिस रुबार्ब या देठांच्या भाजीच्या आंबटगोड वड्या करायची. प्रत्येक सुनावणीला दारातल्या टेबलावर तिचा ट्रे आधी पोचायचा आणि हरकत मागून. ज्याची वडी तोंडात आहे त्याच्या विरोधात हात वर करणं या मुलखात कुणाला जमत नाही. अव्हिस चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आर्व्हिड स्वतः वड्या करू लागला. पहिला घाणा विटेसारखा झाला. समितीनं तो मुकाट्यानं चावला आणि त्या दिवशीचा ले-आउट दुप्पट जोरानं फेटाळला.

आता गंमत अशी, की आर्व्हिडचं स्वतःचं घर ले-आउटमधलंच. नव्यानं लग्न झालेलं असताना त्यानं आणि अव्हिसनं क्लोव्हर हिलवर दोन छोट्या खोल्यांचं घर घेतलं, तेव्हा ते एका कुरणाचे पाडलेले ताजे प्लॉट होते. पलीकडच्या सिग्वाल्ड मोएन नावाच्या म्हाताऱ्यानं तेव्हा भर सुनावणीत, असली उपरी माणसं येऊन गावाचा सत्यानाश करतील असं सांगितलं होतं. वर्षभर तो कुंपणाशी उभा राहून आर्व्हिडकडे नुसता बघायचा. दुसऱ्या वर्षी शेजारच्या शेताच्या प्लॉटची सुनावणी निघाली आणि दोघं एका बाकावर बसले. हरकत कशी घ्यायची हे आर्व्हिड या मोएनकडूनच शिकला. आत शिरलेलाच दार लावून घ्या म्हणून ओरडतो, हे काही नॉर्डबीपुरतं खरं नाही. पण नॉर्डबीत दार फार हळू आणि फार नम्रपणे लावतात.

नम्रपणाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. इथे कॉफी विचारली की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की "कशाला उगाच" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप" म्हणायचं आणि मग दोन कप प्यायचे. पहिल्याच विचारण्याला जो हो म्हणतो तो हावरट, आणि दोनदाच विचारून जो थांबतो तो माणूसघाणा. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबरच ती पोटात जाते.

टेक्सासहून आलेल्या ट्रेंट मॅकॉर्डी या बिल्डरला ती कुठून ठाऊक असणार? त्यानं ड्वेन हॉफस्टॅडचं मक्याचं शेत घ्यायचं ठरवलं. हे शेत आर्व्हिडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ओढ्यापर्यंत पसरलेलं. मॅकॉर्डी भला माणूस. तो स्वतः आर्व्हिडच्या दारी आला, अव्हिसची वडी पहिल्याच विचारण्याला उचलून खाल्ली, आणि म्हणाला, तुमच्या कुंपणाला लागून झाडांचा एक पट्टा सोडू का? आर्व्हिड म्हणाला, नको. त्यानं परत विचारलं. आर्व्हिड म्हणाला, कशाला उगाच. मॅकॉर्डी म्हणाला, तुमची मर्जी, आणि गाडीत बसून निघून गेला. नकाशावरून झाडं गेली.

"तिसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही," आर्व्हिड चर्चच्या तळघरातल्या कॉफीवर महिनाभर सांगत होता, आणि ऐकणारे माना हलवत होते. अशा माणसाच्या हाती गाव द्यायचं म्हणजे झालंच.

त्या पहिल्या सुनावणीला आर्व्हिड जिंकणार हे नक्की होतं, पण ड्वेनची मेहुणी बॉनी उठली आणि घोटाळा झाला. तिचा मुलगा चीजच्या कारखान्यात कामाला. लग्न झालेलं, मूल झालेलं, आणि राहायला घर नाही म्हणून तिघंही पत्र्याच्या ट्रेलरमध्ये. बॉनी हे सांगता सांगता रडली. नॉर्डबीत चारचौघांत कुणी रडत नाही; माणसं त्यासाठी गाडीत जाऊन बसतात. सभागृह पाघळलं. आर्व्हिडनं ओळखलं की आता वड्यांनी भागणार नाही, आणि त्यानं दोन अस्त्रं काढली.

पहिलं अस्त्र नियमाचं. ज्याचा किंवा ज्याच्या जवळच्या नातलगाचा ले-आउटमध्ये फायदा आहे, त्याचं बोलणं नोंदीत धरू नये, असा ठराव त्यानं सह्या गोळा करून पास करून घेतला. ठराव वरकरणी फार न्यायाचा दिसला. ज्याला घर हवं त्यानं गप्प बसायचं आणि ज्याच्याकडे घर आहे त्यानं बोलायचं, हा त्याचा खरा अर्थ मोठमोठ्यानं वाचूनसुद्धा कुणाच्या ध्यानात आला नाही. बॉनीचे अश्रू नोंदीतून गेले. पुढे तिचा मुलगाही गावातून गेला.

दुसरं अस्त्र कासव. आर्व्हिडनं एका संध्याकाळी खिडकीतून दुर्बिणीनं बघितलं, तर ओढ्याकाठी चिखलात काहीतरी काळसर, गोल, घुमटासारखं चमकत होतं. पिवळ्या गळ्याचं, सरकारनं संरक्षण दिलेलं एक कासव या भागात कधीकाळी असायचं. आर्व्हिडनं सुनावणीत एवढंच सांगितलं की मला कासव दिसलं. पुढचं काम कासवानं केलं. पाहणी निघाली, अभ्यास निघाला, अभ्यासाचा अभ्यास निघाला. कासव कुणाला सापडलं नाही, पण ते नाही असंही कुणाला लिहून देता येईना. मॅकॉर्डी कंटाळून टेक्सासला परत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा आर्व्हिड फिरत फिरत तिथवर गेला. चिखलात कासव नव्हतं. त्याच्याच जुन्या दुधाच्या गाडीची, कधीतरी निखळून पडलेली व्हीलकॅप, चाकावरची घुमटाकार झाकणी, होती. त्यानं ती धुतली, घरी आणली आणि गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवली. अव्हिस तेव्हा होती. तिनं विचारलं, सांगणार आहेस का? आर्व्हिड म्हणाला, कुणी विचारलं तर सांगेन. कुणी एकदासुद्धा विचारलं नाही.

मग या वर्षी फेब्रुवारीत मारितचा फोन आला. मारित त्याची एकुलती एक मुलगी, शिकागोत शिक्षिका. नवरा राफाएल तिकडचाच, आणि दोन जुळ्या मुली सहा वर्षांच्या. तिनं सांगितलं की नॉर्डबीच्या शाळेत जागा निघाली आहे, राफाएलचं काम घरूनच चालतं, तर आम्ही गावी येऊ का राहायला? आर्व्हिड म्हणाला, नको, माझ्यासाठी कशाला. तिनं परत विचारलं. तो म्हणाला, कशाला उगाच, मी ठीक आहे. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. आर्व्हिडनं घसा खाकरला आणि म्हणाला, "बरं, येतच असाल तर या."

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि त्याला रडू आलं. गाडीत जायलाही वेळ मिळाला नाही. चार वर्षं त्या घरात एकच कप विसळला जात होता.

आता घर शोधायचं. आर्व्हिडच्या दोन खोल्यांत सगळे नाताळात चार दिवस राहिले होते, तेवढ्या दिवसांतच राफाएल आंघोळीला शेजारी जायला लागला होता. म्हणून आर्व्हिडनं गाव पालथं घातलं. विकायला घर नाही, भाड्याला घर नाही. नॉर्डबीत कुणी मेलं तरच घर रिकामं होतं, आणि इथली माणसं थंडीत मुरलेली असल्यानं मरतही नाहीत. सगळीकडे त्याला एकच ऐकू आलं: नवीन घरं कुठे झालीत गावात? आणि हे सांगताना जो तो त्याच्याकडे कौतुकानं बघत होता.

योगायोगानं मॅकॉर्डी परत आला. या वेळी घरं लहान, किंमत बेताची. मारितनं ओढ्याकडेचा एक प्लॉट नकाशावर पसंतही केला. आजोबांच्या खिडकीतून नातींचा झोपाळा दिसला असता. हरकत घेऊन घेऊन जिरवलेला ले-आउट आता मंजूर करून आणायचा, हे काम आर्व्हिडच्या गळ्यात पडलं.

तो चर्चच्या तळघरात जाऊन म्हणाला, थोडी घरं झाली तर वाईट नाही. लोक डोळे मिचकावून हसले. म्हातारा बिल्डरला गाफील ठेवतोय, असं त्यांना वाटलं. ग्लेन स्वेनबी या शेजाऱ्यानं तर पाठीवर थाप मारून सांगितलं की तू निर्धास्त राहा, या वेळी आम्ही सगळे तयारीनं येतोय. ते ऐकून आर्व्हिड दुसरा कप न घेताच उठला.

सुनावणीच्या संध्याकाळी टाउन हॉल भरला होता. दारात वड्यांचा ट्रे होता. मॅकॉर्डी या वेळी शहाणा झाला होता, त्यानं वडी तीनदा नाकारली आणि चौथ्यांदा कुणी विचारलंच नाही. अध्यक्षस्थानी लॉइस ब्रेकी. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, आणि हरकतींच्या बाबतीत आर्व्हिडची पट्टशिष्या. मारित शिकागोतून स्क्रीनवर सुनावणी बघत होती.

आर्व्हिड उठला. टोपी काढली. "मी विकासाच्या विरोधात नाही," तो म्हणाला, आणि थांबला. सभागृह 'पण'ची वाट बघत राहिलं.

"ही घरं होऊ द्या," आर्व्हिड म्हणाला. "माझी मारित येतेय. तिला राहायला जागा नाही."

बाकाबाकांवर माना वळल्या. मग लॉइसनं चष्मा सारखा केला. तिचा आवाज अगदी मायेचा होता.

"आर्व्हिड, सांगायला मला जिवावर येतंय. पण मुलगी म्हणजे जवळची नातलग. तुझं बोलणं नोंदीत धरता येणार नाही. नियम आहे."

"मला माहितीये नियम आहे. मीच केलाय तो."

"हो ना. आणि फार चांगला केलास," लॉइस म्हणाली.

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, अशी त्याची गत झाली. पण तो बसला नाही. तो बाकाखाली वाकला, पिशवीतून व्हीलकॅप काढली आणि टेबलावर वड्यांशेजारी ठेवली. ते कासव म्हणजे हे, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. माझ्या गाडीची आहे. ओढ्यात कासव नाही, कधीच नव्हतं.

सभागृहात हलकंसं हसू पसरलं. ग्लेन स्वेनबी उठला.

"आर्व्हिड, पोरीसाठी बाप काय काय बोलतो, मला कळत नाही का? पण कासव मी स्वतः बघितलंय. तीनदा."

मग जो तो उठला. एकीनं ते रस्ता ओलांडताना बघितलं होतं. एकाच्या कुत्र्यानं ते हुंगलं होतं. एका बाईनं सांगितलं की गेल्या वर्षी त्याच्यामागे पिल्लंही होती, आणि हे सांगताना तिनं हातानं त्यांचा आकारही दाखवला. गावातल्या नव्या पोरांना विहिरींचं पाणी, रस्त्यावरच्या गाड्या, शाळेतली बाकं सगळं पाठ होतं. ऐकता ऐकता आर्व्हिडला आपलीच वाक्यं ओळखू येत होती, काही तर मोएन म्हाताऱ्याची होती. ज्यांच्यापैकी निम्म्यांची घरं गेल्या वीस वर्षांत त्याच्या हरकतींतून कशीबशी निसटलेली, तेच लोक ती म्हणत होते. पेरलं ते उगवलं होतं, आणि पीक जोरदार होतं.

मॅकॉर्डीनं व्हीलकॅप उचलून समितीला दाखवायचा प्रयत्न केला. लॉइसनं शांतपणे सांगितलं की ही वस्तूही नातलगानंच आणलेली असल्यामुळे नोंदीत धरता येत नाही. मग पाच हात वर झाले आणि ले-आउट फेटाळला गेला. त्यातल्या तीन हातांत अर्धी खाल्लेली वडी होती.

जाता जाता लॉइसनं आर्व्हिडचा दंड दाबला. "तुझं दुःख कळतं रे मला. पण आम्ही जे काही शिकलो ते तुझ्याकडूनच."

मारितचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती बापाचीच मुलगी, चिडायला शिकलीच नव्हती.

"बाबा, ती व्हीलकॅप सापडली तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

"तीनदा विचारायला हवं होतं का?" ती म्हणाली. नॉर्डबीच्या शाळेनं ती जागा दुसऱ्या कुणाला दिली, आणि तोही राहायला घर न मिळाल्यानं आलाच नाही.

जूनमध्ये गावानं ओढ्याकाठी एक पाटी लावली. पाटीवर पिवळ्या गळ्याचं कासव रंगवलंय आणि खाली आर्व्हिड टॉलेरुडचं नाव आहे. समारंभाला सगळ्यांनी घरून वड्या आणल्या. आर्व्हिड दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा त्यानं खाल्ली. गोडाला काही कमी नव्हतं.

त्याच आठवड्यात मारितनं फोन करून सांगितलं की त्यांना इंडियानात घर मिळालं. दोन राज्यं पलीकडे, नव्या ले-आउटमध्ये. पूर्वी तिथे सोयाबीनचं शेत होतं म्हणे. चार खोल्या आहेत, तळमजल्यावरची एक मोकळीच आहे.

"बाबा, तुम्ही येता का इकडे राहायला?"

आर्व्हिडनं खुर्ची पुढे ओढली. "नको, नको," तो म्हणाला. "मी इथे बरा आहे."

"खरंच या ना. मुली विचारतात."

"कशाला उगाच. तुम्हाला अडचण."

आणि तो थांबला. तिसरं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. खोली रिकामीच पडणार असेल तर येतो बापडा, असं म्हणायचं होतं. मनात त्यानं अव्हिसचा वड्यांचा ट्रे कागदात गुंडाळून बॅगेत भरलासुद्धा होता. पलीकडे कुठल्यातरी खोलीत मुली हसत होत्या.

"बरं, बाबा," मारित म्हणाली. "तुमची मर्जी."

फोन बंद झाला. अठरा वर्षं शिकागोत राहून ती रीत विसरली, की तिला ती चांगली आठवत होती, हे आर्व्हिडला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस त्याला झालं नाही. तो फोन हातात धरून बराच वेळ तसाच बसला, परत वाजेल म्हणून. मग उठून त्यानं एक कप विसळला. खिडकीबाहेर ड्वेनचा मका गुडघाभर झाला होता, आणि मध्ये एकही घर नसल्यामुळे ओढ्यापर्यंतचं सगळं शेत अगदी स्वच्छ दिसत होतं.